जाताना सोळा, येताना चौदा

डिसेंबरातली रात्र, साडेदहाचा सुमार. मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर प्रस्थानाच्या मजल्याला गाड्यांची रांग लागलेली होती. तिकीट नसलेल्याला दाराच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे सगळे निरोप तिथे फुटपाथवरच उरकावे लागतात. एक आजी-आजोबा ट्रॉलीपाशी उभे होते. ट्रॉलीवर चार बॅगा, प्रत्येकीला आडवी-उभी सुतळी बांधलेली, वर मार्करने ठळक अक्षरात नाव आणि न्यूयॉर्क. आजींच्या हातावर नवा कोरा स्वेटर, अजून घालण्याची वेळ न आलेला. सोडायला आलेला नातू मोबाइलवर काहीतरी बघत होता आणि आजोबा तिकिटाच्या छापील कागदावरून बोट फिरवत होते. बोट एका ओळीवर थांबलं, मग खालच्या ओळीवर गेलं, पुन्हा वर आलं. "जाताना सोळा तास पाच मिनिटं. येताना चौदा तास दहा मिनिटं. का रे, जाताना लांबच्या रस्त्याने नेतात का?" नातू म्हणाला, "वारा असतो आजोबा." आजोबांनी मान वर केली. "वारा? एवढ्या मोठ्या विमानाला?" तेवढ्यात नातवाचा फोन वाजला आणि प्रश्न तिथेच राहिला.

तो प्रश्न पुढे बरेच दिवस डोक्यातून जाईना. नातवाचं उत्तर चूक नव्हतं. पण आजोबांचा प्रश्न त्या उत्तरापेक्षा मोठा होता, आणि गंमत म्हणजे त्यांचा अंदाजही निम्मा खरा होता. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं कुणी विचारलं की आपण एक आकडा सांगून मोकळे होतो. प्रत्यक्षात तो आकडा रोज रात्री नव्याने ठरतो.

सुरुवात दोऱ्यापासून करू. घरात पृथ्वीगोल असेल तर तो घ्या, तीस सेंटीमीटर व्यासाचा असला तर उत्तम. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर. आता दोरा हळूहळू ताणा. आधी तो अरबस्तानावर आणि उत्तर आफ्रिकेवर सैल लोळत असतो. ताण पडला की तो गोलाच्या पाठीवरून वर सरकायला लागतो. इराण सुटतं, काळा समुद्र सुटतो, आणि दोरा पुरता घट्ट झाला की जागच्या जागी बसतो. त्याच्याखाली आता कोणती गावं आली ते बघा. मुंबईहून निघालेला दोरा पाकिस्तानात क्वेट्याजवळून जातो, तुर्कमेनिस्तानचं वाळवंट ओलांडतो, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमकडे चढतो, आइसलँडच्या दक्षिण भागावरून उतरतीला लागतो, ग्रीनलँडच्या शेपटाला खालून चाटून लॅब्राडॉरवर येतो आणि मग न्यूयॉर्कला टेकतो. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आत. पण या दोन गावांना जोडणारी सर्वांत जवळची वाट मध्येच ६४ अंशांच्याही वर जाते. भूगोलाच्या पुस्तकात यालाच बृहद्वृत्त म्हणतात: गोलाचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ, आणि त्यातला आपल्या कामाचा तुकडा. दोरा सोडवून पट्टीवर मोजला तर साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो. तीस सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर येतात. संगणकाने अक्षांश-रेखांश घेऊन मोजलं तरी उत्तर याच्या आसपासच येतं. पृथ्वी पूर्ण गोल धरायची की ध्रुवांपाशी थोडी चपटी, एवढ्यावरून वीसएक किलोमीटर इकडे-तिकडे होतात, बस.

हे पटायला जड जातं, कारण आपल्या डोळ्यांत शाळेच्या भिंतीवरचा सपाट नकाशा बसलेला असतो. त्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्कोवरून थेट अटलांटिकमध्ये उतरते. दिसायला सरळ, पण त्या रेघेवरून खरोखर उडत गेलं तर १४,२०० किलोमीटर पडतात, म्हणजे दोऱ्यापेक्षा सतराशे जास्त. सपाट कागदावर उतरवताना उत्तरेकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो. ग्रीनलँड तिथे उगाच आफ्रिकेएवढं दिसतं, आणि मॉस्कोवरून जाणारी वाट उगाच वळशाची वाटते. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा बघताना लोक शेजाऱ्याला विचारतात, "हा एवढा वर कशाला चाललाय?" तो वर चाललेला नसतो. तो दोऱ्यावरून चाललेला असतो.

आकडा सांगताना आणखी एक घोटाळा नेहमी होतो, तो मैलांचा. हेच अंतर कुठे ७,८०० लिहिलेलं दिसतं, कुठे ६,७००च्या पुढे, कुठे १२,५००. तिन्ही बरोबर असतात. पहिले जमिनीवरचे मैल, १.६०९ किलोमीटरचा एक. दुसरे सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा एक. वैमानिक आणि उड्डाणाची आखणी करणारे डिस्पॅचर हेच वापरतात, कारण अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल आणि त्यामुळे नकाशावर हिशेब सोपा पडतो. विमानाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, सांगतात तोही यावरूनच. आकड्याशेजारी एकक लिहिलेलं नसेल तर त्यावरून वेळ काढायच्या भानगडीत पडू नये. जमिनीवरचे मैल सागरी समजले तर पंधरा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे या प्रवासात दोन तासांचा.

हे झालं जमिनीवरचं अंतर. विमान जमिनीवरून जात नाही.

आठवीनववीच्या गणितात नावेची उदाहरणं असायची. नाव प्रवाहाच्या दिशेने इतकी जाते, प्रवाहाविरुद्ध इतकी जाते, तर स्थिर पाण्यात तिचा वेग काढा. पुढे आयुष्यात ही उदाहरणं कुठे लागणार, असं तेव्हा प्रत्येकाला वाटलेलं असतं. आजोबांच्या तिकिटावरच्या दोन ओळी म्हणजे तेच उदाहरण आहे. मोठं जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातं. विमानाला फक्त हवा कळते. खाली जमीन किती वेगाने मागे सरते आहे याच्याशी त्याच्या पंखांना देणंघेणं नसतं. आणि ती हवा स्वतः वाहत असते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. मधल्या आणि वरच्या अक्षांशांवर हा वारा नेहमीचाच. विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवाकडची गारठलेली हवा यांच्यातल्या फरकाने तो सुटतो आणि पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेकडे वळतो. त्यातले अरुंद, जोरकस पट्टे म्हणजे जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर तिथे सहज असतात, हिवाळ्यात फरक वाढला की तीनशेच्या वरही जातात.

पूर्ण वाटेवर सरासरी ताशी ७० किलोमीटरचा वारा धरू, आणि अंतर वळणांसकट १२,९०० किलोमीटर. वारा नसता तर १४ तास २० मिनिटं लागली असती. समोरून वारा असताना जमिनीवरचा वेग ८३०वर येतो आणि १५ तास ३२ मिनिटं लागतात. पाठीमागून असेल तर वेग ९७० होतो आणि १३ तास १८ मिनिटांत काम होतं. दोन्हींत जमिनीवरच्या हालचालीची अर्ध्या ते पाऊण-एक तासाची भर घाला, आजोबांच्या तिकिटावरचे आकडे समोर येतात. यात एक बारीक गोष्ट आहे. वाऱ्याने जाताना ७२ मिनिटं घेतली आणि येताना ६२च परत दिली. घेताना जास्त आणि देताना कमी, असं का? कारण समोरचा वारा वेग कमी करतो आणि त्या कमी झालेल्या वेगामुळे विमान त्याच वाऱ्यात जास्त वेळ राहतं. पाठीमागचा वारा मदत करतो, पण विमान त्याच्यातून लवकर बाहेर पडतं. जाऊन-येऊन दहा मिनिटांची ही तूट कधीच भरून निघत नाही.

म्हणून रोजची आखणी करणारे लोक दोरा ताणून थांबत नाहीत. वरच्या वाऱ्यांचा अंदाज आला की ते कमीत कमी वेळेची वाट शोधतात, कमीत कमी अंतराची नव्हे. जाताना जेट स्ट्रीमला उत्तरेकडून बगल देता येत असेल तर दोनशे किलोमीटर जास्त उडणं परवडतं. येताना मुद्दाम दक्षिणेकडे सरकून तिच्यात शिरणं परवडतं. म्हणजे एकाच दोन गावांमधल्या जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा एक नसतात, आणि कालची वाट आजची नसते. फेब्रुवारी २०२०मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. याहून बोलकं उदाहरण आपल्याकडचं आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९००वरून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, चौदाशे किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर, कारण वारा सगळा वेळ पाठीशी होता. परतताना ते पुन्हा पूर्वेकडेच निघालं ते अटलांटिकवरून दिल्लीला आलं. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा.

तर आजोबा, जाताना खरोखरच कधीकधी लांबच्या रस्त्याने नेतात. तो रस्ता वेळेच्या हिशेबात जवळचा असतो म्हणून.

आणि कधी जवळचा रस्ता बंद असतो म्हणून. गोलावरचा दोरा कुणाच्या अंगणातून जातो ते पुन्हा एकदा बघा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया. हवेला कुंपण नसतं, पण हवाई हद्दीला असतं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. २०१९मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. मुंबईहून निघणाऱ्या विमानाने अशा वेळी समुद्रावरून मस्कतकडे जाऊन तिथून वळण घेतलं तर वाट सुमारे चारशे किलोमीटरने वाढते, म्हणजे अर्ध्या तासाने. दिल्लीला याचा फटका फार मोठा बसतो, कारण दिल्लीच्या पश्चिमेला लगेच सीमा आहे आणि विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं. २०२५मध्ये दिल्लीहून अमेरिका-कॅनडाला निघालेल्या काही विमानांना मध्ये युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं ते यामुळेच. रशियाचं गणित उलट आहे. फेब्रुवारी-मार्च २०२२पासून बहुतेक युरोपीय, तसंच अमेरिकन आणि कॅनेडियन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये एका झेंड्याच्या विमानाला एक दार बंद आणि दुसऱ्या झेंड्याच्या विमानाला दुसरं. जून २०२५मध्ये तर इराण आणि इराकच्या हद्दीही काही दिवस बंद होत्या आणि सगळी वाहतूक उरलेल्या बोळांतून दाटीवाटीने जात होती. दोन विमानतळांमधलं अंतर सांगताना कुठल्या कंपनीचं विमान आणि कुठली तारीख, हे विचारावंच लागतं.

आता त्या सुतळी बांधलेल्या बॅगांकडे येऊ. तेवीस किलो म्हणजे तेवीस. आदल्या रात्री घरोघरी हातातल्या काट्यावर बॅगा टांगून झालेल्या असतात. मेतकूट या बॅगेतून त्या बॅगेत जातं, चकल्यांचा एक डबा शेवटी घरीच राहतो. या काटेकोरपणावर लोक चिडतात. पण इतक्या लांबच्या उड्डाणात वजन हाच खरा प्रश्न असतो. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ३५१ टन. त्यात सोळा तासांच्या प्रवासाला १२० टनांच्या आसपास इंधन लागतं, म्हणजे तिसरा हिस्सा नुसतं इंधन. ते इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं. ढोबळ हिशेब असा की जास्तीच्या वजनाचे तीन ते चार टक्के दर तासाला खर्ची पडतात. एक किलो चकली न्यूयॉर्कला पोचवायला पाचशे-सहाशे ग्रॅम इंधन जातं. ज्या रात्री समोरचा वारा फारच जोराचा असतो त्या रात्री जास्त इंधन घ्यावं लागतं, आणि वजनाची मर्यादा तीच राहत असल्यामुळे माल खाली ठेवावा लागतो किंवा काही खुर्च्या रिकाम्या सोडाव्या लागतात. प्रवासी पोचतो आणि बॅग दुसऱ्या दिवशी येते, त्यामागे दरवेळी हलगर्जीपणाच असतो असं नाही.

एवढं इंधन पोटात असताना विमान लगेच उंच जाऊ शकत नाही. सुरुवातीला ते तीस हजार फुटांवर राहतं, इंधन जळून अंग हलकं झालं की बत्तीस, मग चौतीस, छत्तीस. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार, पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम, म्हणजे समोरासमोर येणारी विमानं हजार फुटांच्या फरकाने एकमेकांवरून निघून जातात. झोपेत मध्येच इंजिनांचा आवाज थोडा वाढतो आणि पाठ किंचित खुर्चीत दाबली जाते ती या पायऱ्या चढताना. बाहेर उणे पन्नास ते साठ अंश. पंखातलं इंधनही तासागणिक गारठत जातं. मुंबईत भरतात ते जेट ए-वन उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही. अमेरिकेत मिळणारं जेट ए उणे ४०लाच गोठू लागतं. म्हणून परतीच्या वाटेवर वैमानिकांना या तापमानावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, आणि वेळ आलीच तर ते थोडं खाली उबदार हवेत उतरतात किंवा वेग वाढवतात.

रात्री दोनला विमान का, हाही त्या फुटपाथवर नेहमी ऐकू येणारा प्रश्न. म्हाताऱ्या माणसांना जागरण, सोडायला येणाऱ्यांना जागरण. कारणं दोन. रात्रीची हवा थंड, म्हणून दाट. तिच्यात पंखांना आधार जास्त आणि इंजिनांना जोर जास्त, त्यामुळे भरलेलं विमान त्याच धावपट्टीवरून अधिक वजन घेऊन उठतं. दुसरं, रात्री दोनला निघालं की न्यूयॉर्कला सकाळी पोचतं आणि पुढची विमानं गाठता येतात. तिकिटावरचे सोळा तास पाच मिनिटं म्हणजे हवेतला वेळ नव्हे. दार बंद होऊन विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते पलीकडे चाकांना ठोकळे लागेपर्यंतचा तो वेळ. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि मध्यरात्रीनंतर लांबच्या विमानांची रांगच लागते. कंपन्या हे धरूनच वेळापत्रक बांधतात. म्हणून पाऊण तास उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर उतरतं. पण उशीर फार झाला तर वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा आडवी येते, आणि मग विमान ठाकठीक असूनही उड्डाण होत नाही.

मध्ये कुठे उतरून जाणं बरं की थेट, यावर प्रत्येक घरात वाद झालेला असतो. अंतरापुरतं बघायचं तर फरक आश्चर्य वाटावं इतका कमी आहे. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५०, मिळून १२,७५०. थेट दोऱ्यापेक्षा जेमतेम दोनशे जास्त. दुबईवरून गेलं तर १,९३० आणि ११,०२०, मिळून १२,९५०. वेळ जातो तो उतरण्यात, थांबण्यात, पुन्हा तपासणीत आणि पुन्हा चढण्यात, चार तासांपासून कितीही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधले तीन तास चालायला मिळतात हा फायदा, आणि अनोळखी विमानतळावर गेट शोधत तीन किलोमीटर चालावं लागतं हा तोटा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली तर दुसरी अडचण जाते. माझं मत विचाराल तर इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या जोडप्याला थेट विमानच द्यावं, दहा-वीस हजार जास्त पडले तरी.

हे थेट जाणं जुनं नाही. ८ जून १९४८ला एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. मे १९६०मध्ये बोइंग ७०७ने मुंबई-न्यूयॉर्क सेवा सुरू झाली तीही लंडनवरून. मुंबईहून एकदा बसलं की न्यूयॉर्कलाच उतरायचं, ही सोय २००६-०७पासूनची.

आणि आता विमानातल्या त्या रात्रीबद्दल, जी मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते.

पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. साठ अंश अक्षांशावर तो वेग बरोबर निम्मा होतो, ८३५. समोरच्या वाऱ्यात पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाचा जमिनीवरचा वेगही तेवढाच असतो. म्हणजे उत्तरेकडच्या त्या पट्ट्यात विमान अंधाराबरोबर चालत राहतं. पृथ्वी जितकी फिरते तितकंच ते मागे सरतं, आणि पहाट पाठीमागे तेवढ्याच अंतरावर उभी राहते. डिसेंबरात रात्री दोनला मुंबई सोडलेलं विमान मध्य आशियावर असतं तेव्हा तिथे रात्र, युरोपवर असतं तेव्हा तिथे पहाटेच्या आधीचा काळोख, अटलांटिकवर असतं तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली. न्यूयॉर्कला साडेसातच्या पुढे चाकं टेकतात तेव्हा कुठे उजाडलेलं दिसतं. एक अखंड रात्र, सोळा तासांची. जेवणाचे ट्रे दोनदा येतात, दिवे दोनदा लागतात, आणि खिडकीची झडप वर केली तर बाहेर तोच काळोख, पंखाच्या टोकावर लुकलुकणारा तोच दिवा. लोक घड्याळाकडे बघतात आणि पुन्हा झडप लावून घेतात. जूनमध्ये हेच उड्डाण उत्तरेच्या उजेडात न्हालेलं असतं, पण जूनमध्ये पाय आखडत नाहीत असं नाही. पाण्याची बाटली हाताशी, दर दोन तासांनी मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी, आणि मोजे घट्टसर. एवढं पथ्य दोन्ही ऋतूंत पाळावं.

या रात्रीचा एक व्यवहारी प्रश्न मात्र बॅगा भरताना कुणाच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. रोज सकाळी आठला रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस निघण्याच्या दिवशी सकाळी आठला गोळी घेतो आणि रात्री दोनला विमानात बसतो. पुढची गोळी कधी? न्यूयॉर्कच्या सकाळी आठला घेतली तर मध्ये साडेचौतीस तास गेलेले असतात. भारतीय घड्याळाने घ्यायची तर ती वेळ उड्डाणाच्या सहाव्या तासाला येते, दिवे मालवलेल्या विमानात, सगळे झोपलेले असताना. डॉक्टरांना आधी विचारून हे कागदावर लिहून घ्यावं, इन्सुलिन असेल तर फारच काटेकोरपणे. आणि गोळ्या हातातल्या पिशवीत हव्यात, सुतळीच्या बॅगेत नव्हेत. एक घड्याळ पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं की हिशेब चुकत नाही.

त्या रात्री नातवाचा फोन संपला तेव्हा दारापाशी रांग वाढली होती. आजोबांनी तिकिटाचा कागद घडी घालून पासपोर्टात ठेवला होता. प्रश्न त्यांनीही सोडून दिला होता बहुतेक. नातवाने ट्रॉलीची मूठ त्यांच्या हातात दिली, वाकून दोघांच्या पायाला हात लावला. आजी आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी स्वेटर या हातावरून त्या हातावर घेतला आणि नातवाच्या गालावरून बोटं फिरवत म्हणाल्या, "येताना दोन तास लवकर पोचतो ना रे? मग झालं तर."